गरम झाला की चेन लोडर ओढत नाही? पंप उतरवायच्या आधी गेज लावा

या वेळी आलेली बहुतेक पत्रं हायड्रोस्टॅटिकवर, म्हणजे पंपाच्या तेलाच्या जोरावर, चालणाऱ्या जुन्या चेन लोडरची आहेत. कारणही समजतं. २०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, मार्च २०१८ ला परत थांबल्या, आणि त्या सगळ्या काळात डिचोलीपासून सांग्यापर्यंत कितीतरी मशिनी ताडपत्रीखाली नाहीतर नुसत्या उघड्यावर उभ्या राहिल्या. आता त्याच मशिनी लोक प्लॉट लेव्हल करायला, बागायतीत रस्ता काढायला बाहेर काढतायत आणि एकेकाचं दुखणं वर येतंय. म्हणून हा अंक पूर्ण त्यालाच दिलाय.

प्रश्न: मेस्त्रीकाका, नमस्कार. माझ्याकडे १९८० च्या दशकातला चेनवाला लोडर आहे, हायड्रोस्टॅटिक, खाण बंद झाल्यावर एका कंत्राटदाराकडून घेतलेला. सकाळी सातला एकदम मस्त चालतो, भरलेली बकेट घेऊन चढ चढतो. साडेदहा-अकरा वाजले की जीवच जातो, चढावर चेन थांबते, दोन्ही बाजूच्या, इंजिन मात्र जोरात चालूच. एका मेकॅनिकने बघूनच सांगितलं दोन्ही पंप गेले, उतरवून बाहेर पाठवूया. आकडा ऐकून घरात मशीन विकूनच टाका म्हणतायत. काय करू? (एक वाचक, डिचोली)

उत्तर: भाऊ, पंप उतरवू नका. उतरवायची वेळ कदाचित येईलही, पण ती अजून आलेली नाही.

आधी हे समजून घ्या की तुमच्या लोडरात क्लच नाही, गिअर टाकायचा गिअरबॉक्स नाही. इंजिनाला दोन पंप जोडलेले, एक डाव्या चेनचा, एक उजव्या चेनचा, प्रत्येक पंपाचं तेल आपल्या मोटरला जातं आणि मोटर फिरवून टाकीत न जाता सरळ परत पंपातच येतं. क्लोज्ड लूप म्हणतात ते हेच. पंपात एक थाळी असते, स्वॉशप्लेट, लिव्हर ढकलला की ती तिरकी होते, जितकी तिरकी तितकं तेल जास्त, उलट्या बाजूला तिरकी झाली की मशीन मागे. आता पिस्टनच्या कडेने आणि व्हॉल्व्ह प्लेटखालून थोडं तेल कायम झिरपत असतं, ते झिरपायलाच हवं, त्या पातळ थरावरच आतले भाग तरंगतात, नाहीतर धातूवर धातू घासेल. हे झिरपलेलं तेल भरून काढायला एक तिसरा छोटा पंप असतो, चार्ज पंप. तो टाकीतून थंड, फिल्टर झालेलं तेल लूपमध्ये भरत राहतो, आणि बऱ्याच मशीनवर कंट्रोलचं प्रेशर आणि पार्किंग ब्रेक सोडायचं प्रेशरसुद्धा तोच देतो.

म्हणून दोन्ही चेन एकाच वेळी अशक्त झाल्या की माझा पहिला संशय या छोट्या पंपावर आणि त्याच्याकडे तेल जाणाऱ्या वाटेवर जातो. दोन मोठे पंप एकाच दिवशी सारखेच गेले असं मी फार क्वचित बघितलंय.

पहिली तपासणी कानाने करा. मशीन गरम झाल्यावर मोकळ्या जागी मातीच्या ढिगाला बकेट टेकवा, फुल रेस द्या, पुढे ढकला, पाच-सहा सेकंदच, जास्त नाही, कारण रिलीफवरून, म्हणजे प्रेशर हद्दीबाहेर गेलं की उघडणाऱ्या व्हॉल्व्हवरून, जाणारं तेल भराभर तापतं. इंजिन दबलं, आवाज जड झाला तर ताकद इंजिनापासून चेनपर्यंत पोचतेय. इंजिन अजिबात दबत नाही आणि चेन उभी, म्हणजे तेल आतल्या आत कुठेतरी पळतंय नाहीतर प्रेशरच तयार होत नाहीये. तुमच्या पत्रात इंजिन जोरात चालूच असं लिहिलंय, म्हणजे दुसरा प्रकार वाटतो. पण एक उलटी केसही असते ती सांगून ठेवतो: इंजिन दबायला लागलं की पंपाची थाळी आपोआप सरळ करणारी व्यवस्था बऱ्याच मशीनवर असते, इंजिन बंद पडू नये म्हणून. अशा वेळी डिझेलचा फिल्टर चोंदलेला असतो, इंजिनालाच ताकद नसते, आणि लोक हायड्रोलिक उघडून बसतात. दोन डिझेल फिल्टर बदलायला किती खर्च येतो, ते आधी बदला.

मग गेज. चार्ज प्रेशरच्या टेस्ट पोर्टला ० ते ६० किलोचं (म्हणजे चौरस सेंटिमीटरला किलो) प्रेशर गेज लावा. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघा, पण साधारण २० ते ३० किलोच्या आसपास हा आकडा असतो. चार वेळा लिहून घ्या, कागदावर, डोक्यात नाही: थंड असताना न्यूट्रलला, थंड असताना ओढताना, गरम झाल्यावर न्यूट्रलला, गरम झाल्यावर ओढताना. गरम झाल्यावर न्यूट्रललाच आकडा पडलेला दिसला तर चार्ज पंप, त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह, सक्शन (टाकीतून तेल ओढायच्या बाजूचा) फिल्टर, सक्शन होज, यातलंच काहीतरी. न्यूट्रलला बरोबर आणि ओढायला लागल्यावर धाडकन खाली, म्हणजे मोठा पंप किंवा मोटर आतून इतकी गळतेय की छोट्याला पुरं पडत नाही. हे चार आकडे असले की कुठलाही मेकॅनिक तुम्हाला अंदाजाने बोलू शकत नाही.

फिल्टर बदलताना जुना फेकू नका. कापून उघडा, कागदाची घडी उलगडा आणि उन्हात धरून बघा. पिवळे पितळेसारखे कण चमकले तर ती पिस्टनच्या बुटाची (थाळीवर सरकणाऱ्या पितळी टोकाची) नाहीतर पिस्टन बसतात त्या ब्लॉकची झीज, तिथे मशीन थांबवा, एक तास पण चालवू नका. चुंबकाला चिकटणारे चमचमणारे कण म्हणजे बेअरिंग बघा. काळे रबराचे तुकडे म्हणजे सील किंवा होजच्या आतलं अस्तर.

या अस्तरावरून एक सांगतो, कारण तुमची लक्षणं वाचताना मला तेच आठवलं. उसगावजवळ एका शेडात असाच लोडर होता, सकाळी चांगला, दुपारी मेलेला. पंप उतरवून बाहेर पाठवला, दुरुस्त होऊन आला, बसवला, चार दिवसांनी तेच. मालक अगदी रडकुंडीला आलेला. मी गेलो तेव्हा गेजवर गरम झाल्यावर न्यूट्रललाच ९ किलो. टाकीपासून चार्ज पंपाकडे येणारा जाड सक्शन होज बाहेरून ठीकठाक, एक भेग नाही. काढला, टॉर्च लावून आत बघितलं तर अस्तर एका बाजूने सुटून जिभेसारखं आत लोंबत होतं. थंड असताना रबर कडक, जीभ कडेला चिकटून राहायची, तेल तापलं की रबर मऊ पडून जीभ वाटेत आडवी यायची, आणि पंप उपाशी. नवा होज लावला, दुपारी गेज २४ किलो. होजची किंमत पंपाच्या खर्चापुढे काहीच नाही. त्या दिवसापासून जुन्या मशीनचा सक्शन होज मी बाहेरून बघून कधीच पास करत नाही, काढूनच बघतो.

शेवटी कूलर. आपल्याकडची लाल माती आणि तेलाचा ओशटपणा मिळून कूलरच्या फिन्समध्ये असा काही थर बसतो की नुसती हवा मारून जात नाही. ज्या बाजूने हवा आत येते त्याच्या उलट्या बाजूने धुवा, मध्यम प्रेशरने, फिन्स वाकवू नका. टेंपरेचर गन घ्या आणि टाकीतलं तेल काम चालू असताना मोजा, ८०-८५ डिग्रीच्या वर सतत राहत असेल तर तेल पातळ होऊन सगळीकडून गळणारच, पंप कितीही चांगला असू दे. आणि तेल कुठलं भरलंय ते पण विचारा, बऱ्याच जुन्या मशीनना मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू इंजिन ऑइल सांगितलेलं असतं, काहींना हायड्रोलिक ऑइल, आणि तिसऱ्याच कुठल्यातरी बॅरलमधलं टॉपअप मारलेलं असतं.

प्रश्न: आमचा लोडर सरळ जात नाही, सारखा डावीकडे ओढतो, डावी चेन हळू. लिंकेज अॅडजस्ट करून बघितलं, थोडा फरक पडला पण लोडवर परत तेच. पंप खराब की मोटर हे मशीन न उघडता कळतं का? (एक वाचक, सांगे)

उत्तर: कळतं, आणि एका बाजूचं दुखणं असलं की काम उलट सोपं असतं, कारण दुसरी चांगली बाजू तुलनेला हाताशी आहे.

आधी चेनचं टेन्शन आणि खालचे रोलर बघा, डावीकडची चेन फार घट्ट असेल नाहीतर आयडलर (चेनचं पुढचं चाक) जाम असेल तर तीच बाजू हळू होणार. मग मशीन अर्धा तास चालवून दोन्ही मोटरच्या बॉडीवर टेंपरेचर गन धरा. एक बाजू चांगलीच जास्त तापलेली असेल तर तिथे काहीतरी घासतंय नाहीतर तेल आत गळतंय. डावीकडचा ब्रेक पूर्ण सुटत नसला तरी ती बाजू तापते, हे विसरू नका.

मग अदलाबदल. पहिल्यांदा फक्त हाय प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हची कार्ट्रिज डावीची उजवीला, उजवीची डावीला, दोन्ही सारख्याच नंबरची असतील तरच. दुखणं उजवीकडे गेलं तर रिलीफच खराब, तेवढ्यावर काम संपलं. नाही गेलं तर होजची अदलाबदल, म्हणजे डाव्या पंपाचं तेल उजव्या मोटरला आणि उजव्याचं डाव्याला. आता उजवी चेन अशक्त झाली तर डावा पंप किंवा त्याचा कंट्रोल खराब. डावीच अशक्त राहिली तर डावी मोटर, ब्रेक किंवा फायनल ड्राइव्ह (मोटर आणि चेनच्या मधले गिअर). पण लक्षात घ्या, या चाचणीत स्टिअरिंग उलटं होतं, डावा लिव्हर उजवी चेन चालवणार, त्यामुळे मोकळं मैदान, कमी रेस, आजूबाजूला एकही माणूस नको.

आणि होज उघडताना एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. या लाईनमध्ये ३५०-४०० किलो प्रेशर असतं. इंजिन बंद करा, बकेट जमिनीवर, मॅन्युअलप्रमाणे प्रेशर सोडा, मगच पाना. गळती शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून तेल कातडीच्या आत घुसतं, बाहेरून नुसता ठिपका दिसतो, दुखत पण नाही सुरुवातीला, आणि काही तासांत हात गमावायची वेळ येते. असं झालं तर मलम लावून घरी बसू नका, सरळ बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हाय प्रेशर तेल आत गेलंय. माझ्या ओळखीच्या एका हेल्परने दुसऱ्या दिवशी दाखवलं. त्याचं बोट वाचलं नाही.

उघडलेली प्रत्येक होज आणि पोर्ट लगेच स्वच्छ प्लास्टिकच्या कॅपने बंद करा, कापडाचा बोळा नको, त्याचे धागे आत जातात. पावसात तर हे काम शेडाबाहेर करूच नका.

प्रश्न: पंपाचं शाफ्ट सील दोन वेळा बदललं, दर वेळी महिन्याभरात परत गळतं. सील डुप्लिकेट येतात का? (एक वाचक, कुडचडे)

उत्तर: डुप्लिकेट असू शकतं, पण दोनदा तेच झालं म्हणजे दुखणं सीलचं नाही. सीलवर आतून जे प्रेशर येतं, केस प्रेशर, ते वाढलंय. पंपाच्या केसमधलं झिरपलेलं तेल केस ड्रेनच्या लाईनने कूलरमधून टाकीत जातं, ते अगदी कमी प्रेशरवर जायला हवं, दोन-तीन किलोच्या आत. ती लाईन दबलेली असेल, कूलर आतून चोंदलेला असेल नाहीतर पंप इतका झिजलाय की ड्रेनचं तेल लाईनीत मावतच नाही, तर सगळा ताण सीलवर. केस ड्रेनला छोटं गेज लावा आणि मगच तिसरं सील मागवा. शाफ्टवर सील बसतं तिथे नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवं सील पण टिकणार नाही, ते पण बघा.

प्रश्न: न्यूट्रलला ठेवला तरी लोडर हळूहळू पुढे सरकतो. ड्रायव्हर म्हणतो जुन्या मशीनचं असंच असतं. (एक वाचक, पेडणे)

उत्तर: असं नसतं, आणि असं मशीन माणसांजवळ चालवू नका. कंट्रोलची केबल किंवा रॉड पंपाकडून सोडवा आणि इंजिन चालू करा, समोर-मागे कोणी नसताना. सरकणं थांबलं तर केबल ताणलीय, पिना झिजल्यात, लिंकेजचं अॅडजस्टमेंट करा. सुटी केल्यावरही सरकतो, तर पंपाच्या कंट्रोलचं न्यूट्रल सेटिंग हललंय किंवा सर्वो (थाळी तिरकी करणारा छोटा पिस्टन) चिकटतोय, ते गेज लावून, मॅन्युअलप्रमाणे, दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखं होईपर्यंत करायचं असतं. अंदाजाने तो स्क्रू फिरवू नका.

प्रश्न: काका, माझ्या वडिलांचा लोडर २०१२ पासून आमच्या काजूच्या बागेच्या कडेला उभा आहे. वडील आता नाहीत. मला तो परत चालू करायचाय, विकायला नाही, कामालाच. इंजिन हाताने फिरतं. हायड्रोस्टॅटिकचं काय करायचं ते सांगा, बॅटरी लावून सरळ स्टार्ट मारू का? (एक वाचक, वाळपई)

उत्तर: बाळा, सरळ स्टार्ट मारू नकोस. इतक्या वर्षांचा सत्तरी तालुक्याचा पाऊस त्या मशीनने सोसलाय, टाकीच्या ब्रीदरमधून (हवेच्या भोकातून) दमट हवा आत-बाहेर झालीय आणि टाकीच्या तळाला पाणी साचलेलं असणारच. टाकीचा तळाचा प्लग हळू उघड आणि पहिलं जे येतं ते काचेच्या बाटलीत धर. पाणी वेगळं दिसेल नाहीतर तेल दुधासारखं दिसेल. साध्या डोळ्याला नीट वाटलं तरी तव्यावर, घराबाहेर, दोन थेंब टाकून बघ, तडतडलं तर पाणी आहे. टाकी पूर्ण रिकामी कर, उघडून आतून पूस, धागे न सुटणारं कापड घे. सगळे फिल्टर नवे, सक्शनची सगळी होज नवी, यात काटकसर नको.

पाण्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पंपाच्या आतल्या गुळगुळीत पृष्ठभागांचं. ते आरशासारखे असतात, त्यावर गंजाचा एक ठिपका जरी असला तरी पितळी बूट त्यावरून मिनिटाला दोन हजार वेळा फिरतो आणि कानशीने घासल्यासारखा झिजतो. म्हणून पाणी भरपूर निघालं तर माझं मत ऐक, एका बाजूचा पंप एखाद्या चांगल्या हायड्रोलिक शॉपमध्ये उघडून बघून घे, इथे जमत नसेल तर कोल्हापूर-बेळगावकडे. हा एवढा एकच प्रसंग आहे जिथे गेजच्या आधी मी पंप उघडायला सांगतो, कारण गेज लावायला मशीन चालू करावं लागतं आणि चालू केलं की गंज आपलं काम करून मोकळा होतो. ब्लॉक आणि व्हॉल्व्ह प्लेटवर नख फिरवून ओरखडा लागत नसेल तर लॅपिंग करून, म्हणजे बारीक घासून सपाट करून, ते वाचतात. लागत असेल तर सेट बदलावा लागतो, आणि पिस्टन एका पंपाचे दुसऱ्यात मिसळू देऊ नकोस, ज्याच्या जागी तोच.

सेकंड हँड पंप घ्यायची वेळ आली तर फिरायची दिशा, स्प्लाइनचे (शाफ्टच्या टोकावरचे) दात आणि सीसी (एका फेऱ्यात किती तेल) तिन्ही जुळतात का ते बघ. दिसायला अगदी सारखा पण उलट्या दिशेचा पंप लोक आणतात आणि फसतात. आणि एखादा पंप आधीच तुटलेला निघाला तर त्या बाजूची मोटर पण उघडावीच लागणार, कारण पंप आणि मोटरच्या मधल्या लूपमध्ये बहुतेक जुन्या मशीनवर फिल्टर नसतो, तुटलेला तुकडा सरळ मोटरच्या पोटात जातो. होज धुऊन घे, कूलर बदलता आला तर बदल, त्याच्या आत अडकलेली कणी महिन्यांनी बाहेर येते.

सगळं परत जोडल्यावर नवं तेल गाळून टाकीत भर. मग सगळ्यात महत्त्वाचं काम, दोन्ही पंप आणि दोन्ही मोटरच्या केसमध्ये वरच्या ड्रेन पोर्टमधून स्वच्छ तेल काठोकाठ भर, कोरडा पंप पहिल्या मिनिटातच खराब होतो. चार्ज प्रेशरला गेज लाव. डिझेल बंद ठेवून स्टार्टर दहा-पंधरा सेकंद मार, थांब, स्टार्टर थंड होऊ दे, परत मार, गेजचा काटा हलेपर्यंत. काटा हलला की मगच डिझेल सोड, आणि अगदी कमी रेसवर चालू ठेव, लिव्हर न्यूट्रलला, ब्रेक लावलेला. पंधरा-वीस सेकंदांत प्रेशर स्थिर झालं नाही तर लगेच बंद कर आणि सक्शनला हवा कुठून येते ते शोध. सक्शनची गळती बाहेर तेल टाकत नाही, हवा आत ओढते, टाकीत फेस दिसतो आणि पंप खडी चावल्यासारखा आवाज करतो.

प्रेशर धरलं की दहा मिनिटं तसाच चालू दे. मग लिव्हर अगदी थोडा, चेन एक फेरा पुढे, एक फेरा मागे, दोन्ही बाजू. बंद कर, लेव्हल बघ, टाक. पहिल्या दहा तासांनी फिल्टर काढून काप आणि बघ, परत पन्नास तासांनी. वडिलांच्या वेळचं ऑपरेटर मॅन्युअल घरात कुठे ट्रंकेत असेल तर आधी ते शोध, पेन्सिलने लिहिलेलं काही सापडलं तर मला कळव. आणि पहिल्यांदा चालू करायचा दिवस ठरला की पत्र टाक, पावसाळ्याच्या आधीचा असेल तर मी गेज घेऊन येतो.